औषध आणि शब्द यांचा मेळ घालणारा मनोविकारतज्ज्ञ

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला घेऊन घरची मंडळी डॉक्टरांकडे जातात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच प्रश्न घोळत असतो. हा आजार गोळीने जायचा की बोलण्याने? गोळी म्हटली की तिची सवय लागेल, माणूस गुंगीत राहील, अशी धास्ती. बोलणे म्हटले की नुसत्या बोलण्याने कुठे आजार बरा होतो काय, अशी शंका. आश्चर्य वाटेल, परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील नामांकित मनोविकारतज्ज्ञही याच प्रश्नावर दोन तटांत विभागले गेले होते, आणि त्यांचा वाद घरच्या मंडळींच्या शंकांहून फार वरच्या पातळीवर चालत होता असेही नाही. दोन्ही बाजूंपाशी श्रद्धा होती, अनुभवाचे दाखले होते. मोजमाप मात्र कोणापाशीच नव्हते. ते मोजमाप झालेच पाहिजे असा आग्रह आयुष्यभर धरणारे डॉ. जेराल्ड क्लर्मन मानसोपचाराच्या इतिहासात म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. फ्रॉइडसारखे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले नाही. परंतु नैराश्याच्या रुग्णाला औषध आणि संवाद हे दोन्ही एकत्र दिले जातात, तेव्हा त्यामागे त्यांनी घालून दिलेली वाट असते.

क्लर्मन यांचा जन्म 1928 सालचा. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी 1954 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि मनोविकारशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स मेंटल हेल्थ सेंटरमध्ये दाखल झाले. त्या काळचे बोस्टन म्हणजे मनोविश्लेषणाचा बालेकिल्ला. एल्व्हिन सेमराड यांच्यासारखे गुरू तिथे नवशिक्या डॉक्टरांना रुग्णाजवळ बसून त्याचे दुःख समजून घ्यायला शिकवीत. तरुण डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीवर या शिकवणुकीचा ठसा उमटला. क्लर्मन यांच्यावरही तो उमटला. पण त्याच वास्तूत, त्याच वर्षांत, दुसरेही काही घडत होते.

पन्नासचे दशक हे मनोविकारांवरील औषधांच्या उदयाचे दशक होय. क्षयरोगावरील आयप्रोनायझिड या औषधाने रुग्णांची चित्तवृत्ती उल्हसित होते हे ध्यानात आले होते, आणि 1957 मध्ये नेथन क्लाइन यांनी नैराश्यावर त्याचा उपयोग पुढे आणला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयातून रोलंड कून यांनी इमिप्रामिनच्या परिणामांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कथेत आपल्याकडच्या एका वनस्पतीचाही भाग आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. पुढे सर्पगंधेतील रिसर्पिन हे द्रव्य जगभर वापरले जाऊ लागले, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनता येते असे डॉक्टरांना वाटू लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतील काही रासायनिक द्रव्ये घटतात. मग नैराश्याचे मूळही या घटीत असेल काय, असा तर्क त्यातून निघाला. हा तर्क 1965 मध्ये व्यवस्थित मांडणारे जोसेफ शिल्डक्राउट हे बोस्टनच्या याच केंद्रातले, आणि क्लर्मन त्यांच्या आरंभीच्या संशोधनातले एक सहकारी. रिसर्पिनने खरोखरच नैराश्य येते का, याविषयी नंतरच्या संशोधकांनी बरीच शंका घेतली आहे. परंतु त्या तर्काने एका पिढीच्या संशोधनाला दिशा दिली, हे नाकारता येत नाही.

मध्यंतरी 1959 ते 1961 या काळात क्लर्मन यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या औषध संशोधन विभागात जोनाथन कोल यांच्यासमवेत काम केले. औषधाची चाचणी कशी आखायची, प्लासिबो म्हणजे दिसायला तशीच पण गुणहीन गोळी कशासाठी द्यायची, कोणाला काय दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही का लपवायचे, हा सारा शिस्तीचा भाग त्यांच्या अंगी तिथे मुरला. एका हाताला सेमराड यांची रुग्णाजवळ बसण्याची परंपरा आणि दुसऱ्या हाताला आकडेशास्त्र, असा हा दुर्मीळ योग होता.

या काळातील दुफळी किती खोल होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. मनोविश्लेषकांचे म्हणणे असे, की औषधाने लक्षणे दबतात. दुखणे दबले की रुग्णाला स्वतःच्या आत डोकावण्याची निकड उरत नाही. शिवाय गोळी देणारा डॉक्टर रुग्णाच्या लेखी जादूगार होतो, रुग्ण परावलंबी बनतो, आणि एक लक्षण गेले तरी त्याच्या जागी दुसरे उद्भवते. काहींना तर गोळी लिहून देणे म्हणजे आपल्या कौशल्याचा पराभव वाटे. उलट बाजूचे डॉक्टर म्हणत, की आजार मेंदूच्या रसायनाचा आहे. तिथे बालपणीच्या जखमा उकरून काढल्या तर खपली निघून रुग्णाची अवस्था अधिकच बिघडेल. बोलणे निरुपद्रवी असले तर असो, पण त्याने आजार बरा होतो याला आधार काय?

क्लर्मन यांनी या वादात कोणाचीही बाजू घेतली नाही, हे म्हणणे पूर्ण खरे नाही. औषधांच्या बाजूला ते झुकलेले होतेच. पण त्यांनी जे केले ते अधिक मोलाचे होते. दोन्हीकडच्या या समजुती त्यांनी एकेक करून मांडल्या आणि त्यांना तपासून पाहता येतील अशा प्रश्नांचे रूप दिले. औषधाने संवादाची परिणामकारकता घटते काय? संवादाने औषधाचा गुण मारला जातो काय? की दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळवला जातो? की औषधाने थोडी झोप लागून, डोके थोडे स्थिर होऊन रुग्ण बोलण्याच्या अवस्थेला येतो, आणि बोलण्यामुळे तो औषध नेमाने घेतो? प्रश्न असे मांडले की भांडणाची जागा चाचणी घेते.

साठच्या दशकाच्या मध्यावर ते येल विद्यापीठात आले. न्यू हेवन शहरातील कनेक्टिकट मेंटल हेल्थ सेंटरचे संचालकपदही त्यांच्याकडे होते. औषधाने बरे वाटू लागलेल्या रुग्णाचा आजार पुन्हा उलटू नये म्हणून औषध किती काळ चालू ठेवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. नैराश्य हा पुन्हापुन्हा उलटणारा आजार आहे हे डॉक्टरांना दिसत होते, पण उपाययोजनेचा ठाम आधार नव्हता. न्यू हेवन आणि बोस्टन अशा दोन्ही शहरांत मिळून त्यांनी चाचणी आखली. प्रत्यक्ष व्यवहारात बरेच रुग्ण गोळीबरोबर कोणाशीतरी बोलतही असतात. मग चाचणी व्यवहाराला धरून असायची तर तीत संवादाचाही समावेश हवा, असे क्लर्मन यांना वाटले. नवीन उपचारपद्धती शोधून काढण्याचा त्यांचा हेतू अजिबात नव्हता. औषधाच्या चाचणीत जे बोलणे व्हायचे ते सर्व रुग्णांच्या बाबतीत एकसारखे व्हावे, इतकाच मर्यादित हेतू होता.

पण एकसारखे बोलणे म्हणजे नेमके काय? या कामासाठी त्यांनी मर्ना वाइसमन या तरुण समाजकार्यकर्तीची नेमणूक केली. घरी चार लहान मुले असल्यामुळे त्यांना अर्धवेळ काम हवे होते. मोठमोठ्या मनोविश्लेषकांच्या नगरीत, नैराश्याच्या रुग्णाशी काय बोलावे याची पुस्तिका तयार करण्याचे काम एका अर्धवेळ समाजकार्यकर्तीकडे यावे, हे तेव्हा कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नसणार. पुढे वाइसमन यांनी येलमधूनच रोगपरिस्थितिविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, त्या जगातील अग्रगण्य संशोधकांपैकी एक झाल्या, आणि कालांतराने क्लर्मन आणि त्या विवाहबद्धही झाल्या.

दोघांनी मिळून जी पद्धत बांधली तिला पुढे आंतरवैयक्तिक मानसोपचार असे नाव मिळाले. तिची बैठक साधी आहे, आणि साधेपणातच तिचे सामर्थ्य आहे. अॅडॉल्फ मायर आणि हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी माणसाचे मनोविकार त्याच्या भोवतालच्या नात्यांच्या संदर्भात पाहावेत असे शिकवले होते. जॉन बॉल्बी यांनी जिव्हाळ्याचे बंध तुटण्याचे परिणाम दाखवून दिले होते. क्लर्मन आणि वाइसमन यांनी विचारले, की नैराश्याची ही खेप कधी सुरू झाली आणि त्या सुमारास रुग्णाच्या आयुष्यात काय चालले होते? उत्तरे पाहता चार प्रकारच परत परत दिसत होते. जवळच्या माणसाचा मृत्यू आणि न ओसरलेला शोक. पती, सासर, मुले किंवा वरिष्ठ यांच्याशी चाललेला न मिटणारा तंटा. आयुष्यातील भूमिका बदलणे, म्हणजे लग्न, बाळंतपण, निवृत्ती, स्थलांतर, आजारपण. आणि चौथा, मुळातच नाती जुळवता न येण्याने आलेला एकटेपणा. उपचारकाने यांतील एखाद-दुसरा धागा निवडायचा आणि बारा ते सोळा आठवड्यांत त्यावरच काम करायचे. बालपणाचे उत्खनन नाही, स्वप्नांचे अर्थ नाहीत.

यातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उपचारक पहिल्याच भेटींमध्ये रुग्णाला स्पष्ट सांगतो, की तुम्हाला जे झाले आहे तो आजार आहे, त्याला नाव आहे, तो बरा होतो आणि तो तुमचा दोष नव्हे. न्यूमोनिया झालेल्याला आपण अंथरुणावर पडू देतो, त्याच्यावर कामाचा भार टाकत नाही. तीच मुभा नैराश्याच्या रुग्णाला तात्पुरती द्यायची. टॅल्कॉट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञाने मांडलेली आजाऱ्याच्या भूमिकेची कल्पना इथे वापरली आहे. एकदा आजाराला आजार म्हटले की औषध आणि संवाद यांच्यातले भांडण आपोआपच मवाळ होते. मधुमेहाला गोळीही लागते आणि आहाराचा सल्लाही लागतो. तिथे कोणी पंथ काढत नाही.

पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1974 मध्ये प्रसिद्ध झाले. अमिट्रिप्टिलिन या औषधाने आधी बरे वाटू लागलेल्या 150 स्त्रिया तीत होत्या. आठ महिन्यांच्या काळात काहींचे औषध चालू ठेवले, काहींना प्लासिबो दिला, काहींना कसलीच गोळी दिली नाही. आणि या प्रत्येक गटातील निम्म्या स्त्रियांशी समाजकार्यकर्त्यांनी दर आठवड्याला संवाद साधला. निष्कर्ष दोन्ही तटांना अडचणीत टाकणारा निघाला. आजार उलटू न देण्याचे काम औषधाने केले. संवादाने ते फारसे झाले नाही. मात्र रुग्ण स्त्रीचे घरातले, कामातले, नात्यांतले वागणे सुधारले ते संवादाने, औषधाने नव्हे. आणि ही सुधारणा लगेच दिसली नाही, ती सहा ते आठ महिन्यांनंतर उघड झाली. चाचणी लवकर संपवली असती तर संवाद निरुपयोगी आहे असाच निकाल लागला असता! दोन्ही उपचार एकमेकांना मारक ठरतात, ही दोन्हीकडची भीती मात्र निराधार ठरली.

दुसऱ्या चाचणीत आजाराच्या तीव्र अवस्थेतील 81 रुग्ण होते आणि तिचा काळ सोळा आठवड्यांचा होता. तिचे निष्कर्ष 1979 मध्ये आले. औषध आणि संवाद हे प्रत्येकी उपयुक्त ठरले, आणि दोन्ही एकत्र दिलेल्या रुग्णांना सर्वांत अधिक गुण आला. हा गुण कशाकशात येतो तेही क्लर्मन यांच्या चमूने निरखून पाहिले. झोप आणि भूक लवकर सुधारली ती औषधाने. मनाची खिन्नता, आत्महत्येचे विचार, कामातला रस यांवर संवादाचा परिणाम सावकाश पण निश्चित झाला. म्हणजे दोघे एकाच कामाचे दोन मजूर नव्हते; एकाने पाया उपसायचा आणि दुसऱ्याने भिंत उभारायची, असा तो प्रकार होता.

दरम्यान 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना मद्यासक्ती, अमली पदार्थ आणि मानसिक आरोग्य या विषयांच्या केंद्रीय प्रशासनाचे प्रमुख नेमले. तीन वर्षे ते या पदावर राहिले. समाजात मनोविकारांचे प्रमाण नेमके किती, हे घरोघर जाऊन मोजण्याच्या मोठ्या सर्वेक्षणाची पूर्वतयारी याच काळातली. विमा आणि सरकारी पैसा ज्या उपचारांवर खर्च व्हायचा त्यांनी औषधांप्रमाणेच आपली परिणामकारकता सिद्ध करावी, असे मत क्लर्मन यांनी ठामपणे मांडले. बोलून उपचार करणाऱ्यांपैकी अनेकांना ते पटले नाही. संवाद हा गोळीसारखा मिलिग्रॅममध्ये मोजायचा काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल अगदीच गैर नव्हता. परंतु ज्याची पुस्तिका आहे, ज्यात उपचारकाला प्रशिक्षण देता येते आणि जो तपासता येतो, असा संवाद मोजता येतो, हे क्लर्मन यांनी करूनच दाखवले होते.

औषधांविषयीच्या अमेरिकी मनोवृत्तीला त्यांनी 1972 च्या सुमारास एक मार्मिक नाव दिले होते: औषधी कॅल्व्हिनवाद. कॅल्व्हिन हा ख्रिस्ती धर्मसुधारक. त्याच्या पंथातील कडक संयम प्रसिद्ध आहे. गोळीने बरे वाटत असेल तर ती नैतिकदृष्ट्या कमी प्रतीची, आणि कष्टाने, आत्मपरीक्षणाने जे मिळते तेच खरे बरे होणे, अशी ही समजूत. कॅल्व्हिनचे नावही न ऐकलेल्या आपल्या घरांतून, मन खंबीर कर म्हणजे सगळे ठीक होईल, हा उपदेश ऐकू येतो तेव्हा या समजुतीला देशाची सीमा नाही हे पटते.

या समजुतीची किंमत किती मोठी असू शकते हे एका खटल्यातून दिसले. व्हर्जिनियातील एक मूत्रपिंडविकारतज्ज्ञ 1979 च्या जानेवारीत तीव्र नैराश्यामुळे मेरीलँड राज्यातील चेस्टनट लॉज या प्रख्यात रुग्णालयात दाखल झाले. रुग्णालय मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. सात महिने त्यांच्यावर केवळ संवादाने उपचार झाले, औषध दिले गेले नाही. त्यांचे वजन सुमारे अठरा किलोंनी घटले, झोप उडाली, अस्वस्थपणे सतत येरझारा घातल्याने पाय सुजले. अखेर घरच्यांनी त्यांना कनेक्टिकटमधील दुसऱ्या रुग्णालयात हलवले. तिथे औषधे सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत फरक दिसला आणि तीन महिन्यांत ते घरी परतले. तोवर त्यांचा जम बसलेला व्यवसाय हातचा गेला होता. त्यांनी 1982 मध्ये दावा लावला. 1987 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. कायदेशीर निवाडा झालाच नाही, त्यामुळे प्रश्न लोंबकळत राहिला. क्लर्मन यांनी 1990 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री या नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहून, परिणामकारक ठरलेला उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे असे प्रतिपादन केले. हार्वर्डचे अॅलन स्टोन यांनी त्याच अंकात त्यांना खोडून काढले. विद्वानांनी आपल्या आवडीच्या शास्त्राला कायद्याचे वजन देऊ नये, वैद्यकात एकापेक्षा अधिक मतांना जागा असते, असा त्यांचा रोख होता. स्टोन यांच्या म्हणण्यात तथ्य होते, हे मान्य करूनही सात महिने तो माणूस येरझारा घालत होता, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

क्लर्मन यांच्यावर टीका करण्याजोगे काही नव्हते, असे नाही. रोगनिदानाच्या काटेकोर वर्गीकरणाचे ते खंदे पुरस्कर्ते होते आणि त्या वर्गीकरणाने माणसाचे दुःख चौकटीत कोंबले जाते हा आक्षेप अद्यापही घेतला जातो. ऐंशीच्या दशकात भयाच्या झटक्यांवरील अल्प्राझोलाम या औषधाची अनेक देशांत चाचणी झाली. तिचा खर्च औषध बनवणाऱ्या अपजॉन कंपनीने उचलला होता आणि नेतृत्व क्लर्मन यांच्याकडे होते. लंडनचे आयझॅक मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या निष्कर्षांवर जाहीर आणि तिखट टीका केली. औषध थांबवताना होणारा त्रास, दीर्घकाळचा फायदा, असे त्यांचे मुद्दे होते. मोजमापाचा आग्रह धरणाऱ्याने मोजमापाचा खर्च कोण करतो याकडेही तितकेच बारकाईने पाहायला हवे होते, असे आज वाटते.

त्यांच्या संवादपद्धतीची सविस्तर पुस्तिका 1984 मध्ये ग्रंथरूपाने आली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तीन शहरांत 250 रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत एअरन बेक यांच्या विचारवर्तन उपचारांच्या जोडीला ही पद्धत निवडली गेली. 1989 मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा अधिक तीव्र आजारात औषध सरस ठरले आणि क्लर्मन यांची पद्धतही त्याच्या जवळपास राहिली. पण या महत्त्वाच्या चाचणीत औषध आणि संवाद एकत्र दिलेला गटच नव्हता, ही तिची उणीव म्हणावी लागेल.

1985 पासून क्लर्मन न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते. शेवटच्या वर्षांतील त्यांचा एक छोटा प्रयोग फारसा गाजला नाही, पण पुढच्या काळाच्या दृष्टीने तोच सर्वांत अर्थपूर्ण ठरावा. सामान्य दवाखान्यात येणाऱ्या, मनाने त्रासलेल्या रुग्णांसाठी त्यांनी ही पद्धत आणखी आटोपशीर केली आणि तिची सूत्रे परिचारिकांच्या हाती दिली. हे 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. मनोविकारतज्ज्ञाविना मनोविकारावर संवादाचा उपचार होऊ शकतो, ही शक्यता त्यातून पुढे आली. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे निकामी केली होती. एप्रिल 1992 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जोडउपचाराविषयी त्यांनी जे आरंभले त्याला नंतर मोठ्या चाचण्यांची जोड मिळाली. 2000 मध्ये जुनाट नैराश्याच्या 681 रुग्णांवरील चाचणीत केवळ औषधाने किंवा केवळ संवादाने जवळपास निम्म्या रुग्णांना गुण आला, तर दोन्हींनी मिळून सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना. त्या चाचणीतले नेफाझोडोन हे औषध यकृताला घातक ठरू शकते म्हणून त्याच्या मूळ कंपनीने 2004 मध्ये अमेरिकेतील विक्री थांबवली, हेही सांगायला हवे. आणि सौम्य नैराश्यात प्रत्येकालाच दोन्ही उपचार लागतात असे नाही. एकत्र उपचारांचा लाभ ठळक दिसतो तो तीव्र, जुनाट किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या आजारात.

क्लर्मन यांची पद्धत एकास एक बोलण्याची होती. तिचे समूहोपचारात रूपांतर झाले ते त्यांच्या पश्चात, आणि त्यातला सर्वांत हृद्य अध्याय आफ्रिकेत लिहिला गेला. युगांडाच्या राकाई आणि मसाका जिल्ह्यांत एड्सने घरेच्या घरे उजाड केली होती. औषध परवडत नव्हते, मनोविकारतज्ज्ञ नव्हते, आणि माणसे एकेकटी नव्हे तर समूहाने जगणारी. तिथे तीस खेड्यांत चाचणी झाली. स्थानिक माणसांनाच प्रशिक्षण देऊन स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे गट केले गेले. आठवड्यातून एकदा दीड तास, असे सोळा आठवडे. नाती जुळवता न येण्याचा चौथा प्रकार तिथल्या समाजाला लागू पडत नाही म्हणून तो गाळला. उरलेले तीन तंतोतंत लागू पडले. 2003 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गटांत बसलेल्यांपैकी 6.5 टक्के लोकांत नैराश्य उरले होते. गट न मिळालेल्या खेड्यांत ते प्रमाण 54.7 टक्के होते.

त्याच वर्षी चिलीच्या सँतियागो शहरातील 240 गरीब स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिथली गटचर्चा क्लर्मन यांच्या पद्धतीची नव्हती, पण त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तीत होते. समाजकार्यकर्त्या किंवा परिचारिका यांनी घेतलेल्या सात साप्ताहिक गटबैठका, नंतर उजळणीच्या दोन, आणि आजार तीव्र असेल तर त्यासोबत औषध, अशी पायरीपायरीची आखणी होती. सहा महिन्यांनी यातल्या सुमारे 70 टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 30 टक्के होते.

ही वाट गोव्यापर्यंतही आली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, संगाथ या संस्थेच्या पुढाकाराने, 24 दवाखान्यांतील 2796 रुग्णांवर केलेली चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. पदवीचा बडेजाव नसलेले, प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक तिथे आंतरवैयक्तिक मानसोपचार देत आणि दवाखान्याचे डॉक्टर गरजेनुसार नैराश्यावरील औषध लिहीत. टेन्शन, झोप नाही, अंग दुखते, अशा तक्रारी घेऊन येणारी ही माणसे होती. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण 65.9 टक्के झाले. जिथे हे समुपदेशक नव्हते त्या सरकारी दवाखान्यांत ते 42.5 टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये समूहाने देण्याच्या आंतरवैयक्तिक उपचारांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित माणसांनी गट चालवावा यासाठी ती लिहिली आहे. आधी प्रत्येकाशी स्वतंत्र भेट, मग गटाच्या आठ बैठका. तिच्या तीन लेखिकांपैकी एक मर्ना वाइसमन आहेत; आणि पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न बरेचसे तेच आहेत, जे न्यू हेवनमध्ये साठच्या दशकात त्यांनी आणि क्लर्मन यांनी लिहून काढले होते: हे कधी सुरू झाले, आणि तेव्हा घरात काय चालले होते.